दिला, व्याही

मुलीचं लग्न झाल्यापासून मी आमच्या व्याह्यांना गोल्फमध्ये जिंकवत आलो आहे. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांचा मान ठेवायचा असतो. कोणी आहेर करतं, कोणी दिवाळीला फराळाचे डबे पाठवतं, मी भाताच्या खाचरात व्याह्यांकडून हरतो. आहेरापेक्षा हे बरं, शिवाय व्यायामही होतो.

रोहा आणि गोल्फ हे दोन शब्द एका दमात उच्चारले की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. मी इथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होतो. आमचे एक मोठे साहेब बदली होऊन गेले तेव्हा गोल्फच्या काठ्यांनी भरलेली त्यांची लांबलचक पिशवी मागे ठेवून गेले. ती कोणालाच नको होती. अशा वस्तू कंपनीत फिरत फिरत शेवटी ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे येऊन थांबतात, तशी ती माझ्याकडे आली आणि मी रिटायर होईपर्यंत आमच्या माळ्यावर पडून राहिली. रिटायर झाल्यावर मी दिवसभर घरात फिरायला लागलो, बायकोच्या डब्यांची झाकणं उघडून आत काय आहे ते विचारायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, "एक तर ती पिशवी माळ्यावरून खाली काढा, नाहीतर तुम्ही तरी वर जाऊन बसा."

रोह्याजवळ निडीला आमची वडिलोपार्जित भाताची चार खाचरं आहेत, स्टेशनवर उतरलं की चालत जाण्यासारखी. भात कापून झालं की ती मोकळी पडतात. तिथे मी मैदान केलं. कापलेल्या भाताची धसकटं, ओळीने आलेले बांध, खेकड्यांची बिळं आणि म्हशींनी जागोजागी ठेवलेल्या खुणा, हे सगळं ओलांडून बॉल न्यायचा तो खळ्यापर्यंत. साहेबांच्या गोल्फमध्ये शेवटी बारीक कापलेल्या हिरवळीवर एक भोक असतं. आमच्याकडे हिरवळीच्या जागी खळं. मळणीसाठी चोपून सपाट केलेलं, शेणाने सारवलेलं, आणि मधोमध मी पुरलेला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा. खळ्यावर बॉल असा सरळ जातो की बघत राहावं. जगातल्या कुठल्या गोल्फवाल्याला सारवलेल्या जमिनीवर खेळायला मिळालं असेल असं मला वाटत नाही, आणि ते त्यांचं नुकसान आहे.

एकच अडचण होती. शेजारचं खाचर माझ्या लांबच्या नात्यातल्या एका वहिनीचं. भात निघालं की ती तिथे वाल पेरते. बॉल वालात गेला की गेलाच, कारण आत पाऊल टाकलं की वहिनी कोयता घेऊन उभी राहते. सापडलेले बॉल ती घरी नेते आणि कोंबडीच्या खुराड्यात ठेवते. तिथे अंडं दिसलं की कोंबडी दुसरीकडे घालायला जात नाही म्हणे. एकदा मी मागायला गेलो तर म्हणाली, "भावोजी, कोंबडी बसलीय त्याच्यावर. आता उठवू काय तिला? पाप लागंल."

अशा ह्या मैदानावर व्याही पहिल्यांदा आले ते लग्नानंतरच्या पहिल्या पोपटीला. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी असं सगळं भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भरायचं आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा, ही आमच्याकडची थंडीतली चैन. व्याह्यांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. माणूस आडवातिडवा, आवाज मोठा, हातात कायम पोह्याच्या पापडांची पिशवी. मडकं जाळावर होतं आणि करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी माझी एक काठी उचलली आणि म्हणाले, "व्याही, आमाला पण दावा की कसं मारायचं ते."

मी दाखवलं. त्यांनी मारला. बॉल बांधाच्या पलीकडच्या पाण्याच्या चरात जाऊन बसला. त्यांचा चेहरा पडला. मोठ्या माणसाचा चेहरा पडतो तेव्हा जास्त दिसतो. मागे माझी मुलगी उभी होती, नवी साडी, हातात अजून चुडा, आणि ती सासऱ्यांकडे बघत होती. माझा पाय आपोआप पुढे गेला. "अरे वा," मी म्हणालो, "बांधाच्या अलीकडेच थांबला की," आणि चरातून पायाने बॉल वर काढून सुक्यात ठेवला. व्याह्यांचा चेहरा पुन्हा वर आला. पोपटीही त्या दिवशी छान झाली होती.

तिथून सुरुवात झाली. मोसमात दर रविवारी व्याही पेणहून गाडीत बसायचे आणि निडीला उतरायचे. खेकड्याच्या बिळात गेलेला त्यांचा बॉल मी बाहेर काढून ठेवायचो, कारण खेकडा हा आमच्या बाजूचा. ढेकळाला अडलेला बॉल मी ढेकूळ फोडून मोकळा करायचो, कारण ढेकूळही आमचंच. त्यांचे फटके मोजताना मी मध्येच काहीतरी आठवल्यासारखं करायचो आणि पुन्हा मोजायला सुरुवात करायचो ती थोडी अलीकडून. खळ्यावर तर विचारूच नका. गोल्फमध्ये एक चांगली सोय आहे. बॉल भोकाच्या अगदी जवळ असला तर समोरचा म्हणू शकतो, दिला. मग तो मारायची गरज नाही, गेला असं समजून उचलायचा. साहेब लोक हे टीचभर अंतरासाठी वापरतात. मी सुरुवात वितेपासून केली, मग हातावर आलो, मग काठीच्या लांबीवर. गेल्या पोपटीला तर त्यांचा बॉल खळ्याच्या बाहेर गवतात होता. मी म्हणालो, "दिला, व्याही." त्यांनीही उचलून खिशात टाकला.

पण नुसतं त्यांना देऊन भागत नव्हतं, कारण एवढं देऊनही ते माझ्या पुढे जात नसत. तेव्हा शेवटच्या फेरीत डब्यापाशी मला माझा बॉल चुकवावा लागे. मुद्दाम चुकवणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. लांबून चुकवला तर नवशिक्यासारखं दिसतं, फार जवळून चुकवला तर संशय येतो. मी त्याचा अभ्यास केला. काठी सरळ मागे न्यायची, सरळ पुढे आणायची, आणि बॉलला लागता लागता मनगट किंचित उजवीकडे मोडायचं. बॉल डब्याच्या कडेला घासून निघून जातो आणि बघणारा हळहळतो. व्याहीही हळहळायचे. "थोडक्यात गेला हो, व्याही," म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचे. वालातून वहिनी बघत असायची. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी एकदा व्याही स्टेशनकडे गेल्यावर म्हणाली, "भावोजी, आज पण चुकवलात. चांगलं जमतंय आता." मी तिला गप्प बस म्हणालो.

मला याचा राग यायचा का? अजिबात नाही. खरं खेळलो तर ह्या माणसाला मी उभा हरवीन, ही खात्री मला होती, आणि माणूस हरायला तयार असतो तो अशी खात्री मनात असली तरच. माझं सगळं औदार्य त्या एका खात्रीवर उभं होतं. गाडी सुटल्यावर मी खिशात हात घालून घरी जायचो आणि बायकोला सांगायचो, आज किती फटक्यांनी जिंकलो असतो ते.

मग यंदा जावयाने तो उद्योग केला.

जावई एका कंपनीत आहे आणि ती कंपनी घाटावरच्या एका गोल्फ स्पर्धेला पैसे देते. मैदानाचं नाव लिहीत नाही, पण ज्यांना खेळ माहीत आहे त्यांना ते मैदान म्हणजे काय ते ठाऊक असतं. तिथे देशोदेशीचे पट्टीचे खेळाडू डोक्याला हात लावून बसतात. स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, गवत न कापता, भोकांतले झेंडे न हलवता, कंपनीच्या पाहुण्यांना त्याच मैदानावर खेळू देतात. जावयाने आम्हा दोघांची नावं दिली. फोनवर मला म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं इतकी वर्षं खेळताय, आमचे बाबा तर दर रविवारी जिंकून येतात. म्हटलं, एकदा खऱ्या मैदानावर होऊन जाऊ दे."

मी सबबी शोधायला लागलो. तोपर्यंत व्याह्यांनी अर्ध्या पेणला सांगून टाकलं होतं. कारखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मूर्ती दाखवायच्या आधी ते हातात काठी असल्यासारखे उभे राहून दाखवत होते.

अशा मैदानावर आमच्यासारख्याला मजा येईल का, ह्यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. माझं मत होतं की येणार नाही. जे मैदान पट्टीच्या खेळाडूंना रडवायला बांधलंय तिथे हौशी माणसाने जाऊन काय करायचं? बायको म्हणाली, "पोहता न येणाऱ्याला भर पावसात कुंडलिका नदीत ढकललं तर मजा येते की." मी विचारलं, कोणाला? तर म्हणाली, "काठावरच्यांना." व्याह्यांचं मत मी फोनवर विचारलं, जरा त्यांना वळवावं म्हणून. "अवघड हाय म्हणून तर जायचं, व्याही," ते म्हणाले. "सोप्पं काय, निडीला हायच की." माझ्या मैदानाला सोपं म्हणालेलं मला झोंबलं, पण बोलणार काय? सोपं मीच करून ठेवलं होतं.

मग मुलीचा फोन आला. ती एकटीच होती, कारण दबक्या आवाजात बोलत होती. "बाबा, तुम्ही त्यांना जिंकवता हे मला कळतं. पायाने बॉल सरकवताना बघितलंय मी. पण ते त्यांना कळलं तर काय होईल याचा विचार केलाय? इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेत ते. तिकडे फजिती झाली, त्यांच्या लक्षात आलं की तुम्ही त्यांना लहान पोरासारखं खेळवत होतात, तर तुम्ही रोह्याला निघून जाल. मी त्या घरात राहते." मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी बघतो. असं म्हणायचं असतं म्हणून म्हणालो. प्रत्यक्षात काय बघणार होतो देव जाणे.

मैदानावर पोचलो आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते असं, की इथे एकही म्हैस नाही. हिरवंगार, घडी मोडली नाही असं सगळं. आमच्याबरोबर जावई होता, तो खेळणार नव्हता, फक्त आकडे लिहिणार होता. आणि एक कॅडी मिळाला होता, पन्नाशीचा, गंभीर, आमच्या दोन्ही पिशव्या वाहणारा. माझी पिशवी उचलताना त्याने आतल्या काठ्यांकडे एकदा बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली. जावई म्हणाला, "बाबा, आजचा नियम आहे. बॉल होलमध्ये पडेपर्यंत प्रत्येकाने मारायचा. दिला बिला काही नाही." माझं पहिलं हत्यार तिथेच गेलं.

व्याह्यांनी पहिला फटका मारला तो उजवीकडच्या उंच गवतात. "गेला वालात," असं म्हणून ते तिकडे चालू लागले. मी त्यांच्या पुढे पळालो. शोधायच्या निमित्ताने आधी पोचलो, बॉल दिसला, आणि सवयीप्रमाणे पायाने हलकेच मोकळ्यात ढकलायला गेलो. पण ते गवत आमच्या धसकटांसारखं नव्हतं. बॉल पुढे जायच्या ऐवजी माझ्या बुटाखाली खोल खोल रुतत गेला. कॅडी येऊन शेजारी उभा राहिला. "काका," तो हळूच म्हणाला, "पाय काढा. बॉल तुमच्याच पायाखाली आहे." दुसरं हत्यारही गेलं. आणि मोजणीत गडबड करायची तर आकडे लिहायला सख्खा मुलगा बसलेला, तोही इंजिनियर.

तेव्हा मी हात टेकले. व्याह्यांना वाचवणं आता माझ्या हातात नव्हतं. त्यांचे बॉल तळ्यात जात होते, झाडांत जात होते, एक तर मागे आला. मी प्रत्येक वेळी धास्तीने त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता पडेल चेहरा, आता पडेल. तो काही पडेना. तळ्यात बॉल गेला की ते काठावर उभं राहून वर्तुळं विरेपर्यंत बघत राहायचे आणि दुसरा मागायचे. पुढे एक वाळूचा खड्डा आला, उभा माणूस आत दिसेनासा होईल एवढा. व्याही त्यात उतरले आणि आम्हाला नुसती वाळू उडताना दिसू लागली. प्रत्येक वेळी वाळू उडाली की आतून आवाज यायचा, "पाच." मग, "सहा." जावई इमानदारीने लिहीत होता. ते वर आले तेव्हा भुवयांत, कानांत, मिशांत वाळू, आणि तोंड हसरं. "व्याही," ते म्हणाले, "ह्याला म्हनतात मैदान. हे कुनाची भीडभाड ठेवत नाय." मी त्यांच्याकडे निरखून बघितलं. पण ते वाळूबद्दलच बोलत होते असं दिसलं, कारण चिमूटभर घेऊन बोटांत चोळून बघत होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्याह्यांचं जे व्हायचं ते होत होतं आणि ते मजेत होते. म्हणजे आज मी मोकळा होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मनापासून खेळायची मुभा मिळाली होती. आज जावयाच्या कागदावर दिसेल, दोघांत खरा खेळाडू कोण ते. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

माझे लांबचे फटके व्याह्यांपेक्षा बरे पडले, हे मी सांगितलंच पाहिजे. हिरवळीवरही मी त्यांच्या आधी पोचलो. भोक हातभर अंतरावर होतं. मी पाय रोवले, काठी सरळ मागे नेली, सरळ पुढे आणली. बॉल भोकाच्या उजव्या कडेने निघून गेला. उतार असेल, मी म्हणालो. कॅडी खाली बसून बघून म्हणाला, "नाही काका, सरळ आहे." पुढच्या भोकावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावर मी भोकाच्या डावीकडे नेम धरला, तर बॉल उजवीकडे जायचा राहिला आणि डावीकडून गेला. घाम फुटला. मी काठी बदलून बघितली, श्वास रोखून बघितला, डोळे मिटून बघितलं. काही केल्या बॉलला लागायच्या क्षणी मनगट मोडत होतं. मी मोडत नव्हतो, ते आपलं आपण मोडत होतं. दर रविवारी इतकी मेहनत घेऊन त्याला जे शिकवलं होतं ते त्याने नीट लक्षात ठेवलं होतं. मी जिंकायला आलो होतो आणि माझा हात व्याह्यांचा मान ठेवत होता.

मला रडू यायचं बाकी होतं. एक तर ते उन्हातलं चालणं, त्यात व्याह्यांचं वाळूतून, पाण्यातून, झुडपांतून चाललेलं ते मोठमोठ्याने मोजणं. आकडे किती झाले ते मी इथे लिहिणार नाही. शेवटच्या भोकावर जावई म्हणाला, "बरोबरीत आहात तुम्ही दोघं," आणि त्याला वाटलं की ही आनंदाची बातमी आहे.

व्याह्यांचा बॉल लांब होता, हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी फारसं न बघता ढकलला. तो उतारावरून वळत वळत, मध्ये थांबल्यासारखं करत, भोकात पडला. व्याहीच सगळ्यात जास्त चकित झाले. मग माझी पाळी. माझा बॉल वीतभर अंतरावर होता. आमच्या खळ्यावर डोळे मिटून जाईल इतका. तो मारला, उजवीकडून गेला. पलीकडून पुन्हा मारला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा कॅडीने दुसरीकडे बघितलं. जावयाने पेन थांबवलं होतं. मी पुन्हा पाय रोवून उभा राहिलो आणि काठी मागे नेता येईना. मला नुसतं तिथून निघून जायचं होतं.

तेव्हा व्याही चालत आले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना वाकायला वेळ लागतो. ते माझ्या पायाशी वाकले, बॉल उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"दिला, व्याही," ते म्हणाले.

"बाबा, पण आजचा नियम," जावई म्हणाला.

"नियम ऱ्हाऊ दे तुजा. मुलीचा बाप हाय तो," व्याही म्हणाले. "आमी काय नेहमी घेतच ऱ्हायचं?"

पेणला पोचलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती. तिने आधी सासऱ्यांच्या कानातली वाळू बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. पण विचारायची वेळच आली नाही. व्याह्यांनी चपला काढायच्या आत सांगायला सुरुवात केली. कुठल्या तळ्यात किती बॉल बुडाले, खड्ड्यात किती वेळ होते, कुठला बॉल मागे आला, सगळं, एकही फटका न गाळता. विहीणबाई हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. शेजारचे दोघे येऊन उंबऱ्यावर बसले, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून झालं. आणि मग माझ्याबद्दल कोणीतरी विचारलं तेव्हा व्याह्यांनी आवाज खाली आणला. "व्याह्यांचा खेळ पन बरा झाला," ते म्हणाले. "जरा हात हलतो त्यांचा शेवटी शेवटी. वय झालं आता." मी व्याह्यांपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

मुलगी चहाच्या निमित्ताने मला आत घेऊन गेली. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "बाबा," ती म्हणाली, "तिकडे, एवढ्या मोठ्या मैदानावर, इतक्या लोकांसमोरसुद्धा मुद्दाम चुकवलात ना? माझ्यासाठी. ह्यांनी सांगितलं मला, वीतभरावरून चुकत होता म्हणून. मी लगेच ओळखलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तुझ्यासाठी एवढं नाही करायचं तर कोणासाठी?" चहात तिने आलं जरा जास्तच घातलं होतं.

परवाच्या रविवारी मी निडीला जरा लवकर गेलो, व्याह्यांची गाडी यायच्या आधी. अलीकडे तेच मला देतात. वीतभर असला तरी दिला, हातभर असला तरी दिला, आणि मी हात पुढे करून घेतो, कारण मुलाकडच्यांनी मान दिला तर नाही म्हणता येत नाही. मला एकदाच, कोणी नसताना, बॉल डब्यात पडल्याचा आवाज ऐकायचा होता. खळं ताजं सारवलेलं होतं. मी वीतभरावर बॉल ठेवला, पाय रोवले, काठी सरळ मागे नेली, सरळ पुढे आणली. बॉल डब्याच्या कडेला घासून उजवीकडे निघून गेला. पुन्हा ठेवला. पुन्हा गेला.

वालाच्या शेंगा तोडता तोडता वहिनी ताठ उभी राहिली. तिने खळ्याकडे बघितलं, मग स्टेशनच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं.

"भावोजी," ती म्हणाली, "व्याही तर अजून आलं नाय. मंग आता कुणासाठी चुकवताय?"